एका पंगतीचे गोड

आमच्या मराठवाड्यात सफरचंद हे फळ नव्हे, ती एक बातमी आहे. कागदाच्या पिशवीत चार सफरचंदे घेऊन कोणी रस्त्याने निघाला, तर समोरचा त्याला भाव विचारीत नाही; ‘कोण आजारी आहे?’ असे विचारतो. सीताफळाच्या वाट्याला हे दुर्दैव कधी आले नाही. ते बालाघाटाच्या डोंगरातून दसरा-दिवाळीला टोपल्यांनी येते. अंगणात बसून खावे आणि बिया खुशाल कुठेही उडवाव्यात. अर्धापूरची केळी तर घरच्याच लेकी. सफरचंद मात्र पाहुणे. त्याच्या नावाची व्युत्पत्ती पंडितांनी सांगावी. मला भोळीला त्यात ‘सफर’च दिसतो. काश्मीर-हिमाचलातून ते निघते. हिमाचलातल्या कोटगढला सॅम्युएल स्टोक्स नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १९१६च्या सुमारास आपल्या देशाकडची लाल, गोड जात लावली. पुढे ते स्वतः सत्यानंद झाले आणि त्यांची सफरचंदेही हिंदुस्थानी झाली. एवढी सफर करून आलेल्या पाहुण्याला आपण इस्पितळातल्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसवतो!

आमच्या लातूरच्या घरात त्याला दिवाळीतही असाच मान होता. वडील गंजात एका अडतीवर मुनीम होते. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांतल्या कोणत्याही रस्त्याने आले तरी त्यांच्या हातात दिवाळीला मिठाईचा पुडा असायचाच. पुढे त्यांना शुगर झाली. (आमच्याकडे ज्याला साखर वर्ज्य, तोच ‘मला शुगर आहे’ असे सांगतो, जणू गावाबाहेर मालकीचे दोन एकर रान आहे!) तेव्हापासून दिवाळीच्या पहाटे पाटावर सगळ्यांच्या ताटांत करंज्या, अनारसे, लाडू, आणि वडिलांच्या पुढ्यात एका बशीत चिरलेले सफरचंद. आई ते मोठ्या मायेने चिरायची. वडील एकही शब्द न बोलता खायचे. मग रात्री निजानीज झाली, की स्वयंपाकघरात पितळी डब्याचे झाकण हळूच वाजायचे. आम्ही भावंडे अंथरुणात जागी असायचो आणि झोपेचे सोंग घ्यायचो. आईही जागी असणार. दोन वर्षांत त्यांच्या पायाचा अंगठा काढावा लागला, आणि २००९ साली ते गेले.

डॉक्टरांनी साखर तोडली होती, हे खरेच. पण पंगत डॉक्टरांनी तोडली नव्हती. ती आम्ही तोडली. एरवी पंक्तिप्रपंच म्हटला की आपल्याला राग येतो. एकाला तूप आणि दुसऱ्याला तेल वाढणाऱ्या यजमानाला आपण नावे ठेवतो. तोच प्रपंच घरातल्या आजारी माणसाशी केला, की त्याला आपण ‘पथ्य’ म्हणतो.

लग्न होऊन मी नांदेडला आले, तेव्हा पंगत म्हणजे काय हे सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरात पाहिले. गुरू गोविंदसिंहांनी १७०८ साली याच गोदाकाठी देह ठेवला. आज अमृतसरहून सचखंड एक्सप्रेस भरून माणसे येतात आणि एका रांगेत जमिनीवर बसतात. शेजारी ट्रकवाला, पलीकडे वकील, पुढ्यात सर्वांच्या तेच वरण आणि तीच पोळी. तिथे कोणाच्या ताटाकडे पाहून त्याची हकिगत ओळखता येत नाही. मला वाटते, अन्नाने पोट भरते आणि पंगतीने माणूस भरतो.

दोन वर्षांपूर्वी दादाचाही रक्ताचा कागद तसाच आला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे आपल्या देशात मधुमेही दहा कोटींवर आहेत. पण आपला माणूस त्यांत मोजला गेला, की उरलेले कोटी दिसेनासे होतात. पहिल्या दिवाळीला वहिनीने आईसारखीच एक बशी त्याच्यापुढे ठेवली. बशीतही तेच फळ! दादाने ते खाल्ले, अगदी वडिलांसारखे, मान खाली घालून. मी मनाशी म्हटले, पुढच्या भाऊबीजेला या घरात गोड एकच होईल आणि ते सगळे जण खातील.

या कामी माझ्या भाच्याने मदत केली. तो पुण्याला नोकरीला असतो. गणपतीत आला, तेव्हा त्याने मला ‘स्लो कुकर’ नावाचे विजेचे भांडे भेट दिले. आत जाड चिनी मातीचा गडवा, वर काचेचे झाकण. वीज दोन-तीन दिव्यांपेक्षा फार लागत नाही, आणि शिजायला पाच-सहा तास. शेजारीण म्हणाली, “अगं बाई, हे काय शिजवायलीस की अंडी उबवायलीस?”

या भांड्याची गोष्ट मात्र गोड आहे. शिकागोच्या आयर्व्हिंग नॅक्सन यांच्या आईने त्यांना आपल्या लिथुएनियातल्या लहानपणाची हकिगत सांगितली होती. ज्यू लोकांत शनिवारी विस्तव पेटवीत नाहीत. म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच भांडी गावातल्या पाववाल्याच्या भट्टीत नेऊन ठेवीत. विझत्या भट्टीच्या उबेवर रात्रभर अन्न शिजे. त्यावरून मुलाला ही कल्पना सुचली. १९४० साली त्यांना पेटंट मिळाले, आणि १९७१ पासून ‘क्रॉक पॉट’ या नावाने हे भांडे अमेरिकेत घरोघर गेले. मला हे वाचून आजीच्या चुलीचा वैल आठवला. चुलीवर भाकरी होई, आणि तिच्या उरल्या आचेवर शेजारच्या वैलावर दूध नाहीतर वरण तासन् तास रटरटत राही. तिकडे आईची आठवण मुलाने पेटंट करून घेतली. आमच्या आज्यांचा वैल गॅसची शेगडी आल्यावर मुकाट्याने निघून गेला.

आता कृती सांगते. दीड किलो सफरचंदे घ्यावीत. दिवाळीच्या सुमारास ती बेताच्या भावात मिळतात. साल काढू नये, पोटाला उपयोगी चोथा तिच्यातच पुष्कळ असतो. गाभा आणि बिया काढून मोठ्या फोडी कराव्यात. त्यांवर एका लिंबाचा रस, चार खजूर बारीक चिरून, दालचिनीची काडी, वेलदोड्याची पूड, चिमूटभर मीठ आणि दोन चमचे साजूक तूप घालावे. पाणी थेंबभरही नको. झाकणाआड वाफ कोंडते आणि फळ आपल्याच रसात शिजते. ज्या लातूरला २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तिथल्या लेकीला ही गोष्ट विशेष आवडली. सर्वांत मंद आचेवर पाच तास ठेवावे. शेवटचा तासभर झाकण थोडे कलते करावे, म्हणजे रस आटतो. ज्वारीचे जाडसर पीठ, तीळ आणि बदामाचे काप थोड्या तुपावर खमंग भाजून निराळे ठेवावेत आणि वाढताना वरून पेरावेत. आधीच घातले तर वाफेने त्यांचा गिचका होतो.

मास्तरीण असल्यामुळे हिशेब मांडल्यावाचून मला चैन पडत नाही. सफरचंदात शंभर ग्रॅमला साधारण दहा ग्रॅम साखर असते. दीड किलोची झाली दीडशे, खजुराची वीसएक. बारा वाट्या केल्या, तर दर वाटीला चौदा-पंधरा ग्रॅम. रीतीप्रमाणे तीन वाट्या साखर ओतून हाच हलवा केला असता, तर माणशी पन्नास ग्रॅम साखर निव्वळ वरची झाली असती. “गूळ घाल, गुळाने काही होत नाही,” असे सांगणारे पुष्कळ भेटले. पण गूळ हा साखरेचाच खेड्यात राहिलेला भाऊ. रक्तात गेला की दोघांचे आडनाव एकच. तेव्हा हे गोडही मधुमेह्याने जेवणानंतर एक लहान वाटीच घ्यावे, आणि आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. तो बिनसाखरेचा अमृतकुंभ आहे, असे सांगून मी कोणाला फसवणार नाही.

भाऊबीजेच्या आदल्या रात्री मी ते भांडे चालू ठेवले आणि शेजारी वह्या तपासत बसले. तीन तासांनी घरभर असा वास सुटला, की वाटले, हे फळ इतकी वर्षे आमच्या घरी येऊन गेले, पण त्याच्याशी कोणी धड बोललेच नव्हते. कादंबरी लिहिणारालाही हा धडा घेण्यासारखा आहे. आच मोठी करून कोणतीच गोष्ट मुरत नाही. पहाटे डबा भरून एस. टी. गाठली. लोहा, अहमदपूर, चाकूर करीत डबा मांडीवर घेऊन लातूरला उतरले.

ओवाळणी झाली, पंगत बसली. आईपासून धाकट्या नातवापर्यंत बाराही जणांपुढे एकसारख्या वाट्या. लाडू-करंज्यांचे डबे त्या दिवशी वहिनीने उघडलेच नाहीत. दादाने आधी आपल्या वाटीत पाहिले, मग शेजारच्या, मग त्याच्या पलीकडच्या. मी पदराने कपाळ टिपल्यासारखे केले. त्याने घास घेतला, थोडा वेळ चघळला आणि म्हणाला, “लिंबू जरा जास्त झालंय की गं!”

आई हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. कुठल्या बशीची आठवण तिला झाली, हे मला विचारावे लागले नाही. आजारी माणूस पथ्याला नावे ठेवतो. चवीला नावे ठेवतो तो जेवायला बसलेला माणूस. माझी ओवाळणी मला पोचली होती.