वाकलेली पाठ कोण धरतं?

माझ्या सासुरवाडीत, अहमदपूरकडच्या एका गावात, पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या, माणसाला अजून मान आहे. कुणाच्या कंबरेत उसण भरली की त्याला बोलावणं जातं, आणि तो पालथ्या पडलेल्या माणसाच्या कंबरेला पाय लावतो. मागच्या वर्षी सोयाबीन काढणीच्या चौथ्या दिवशी एका मावशींवर हा उपचार झाला. तीस वर्षं शरीररचनाशास्त्र शिकवलेला मी, गावचा जावई, शेजारीच बाजेवर चहा पीत बसलो होतो. मला काही सुचलं नव्हतं, हे कबूल करतो.

संपादकांना माझ्याकडून ‘कंबरदुखी आणि पाच सोपे व्यायाम’ हवे होते. व्यायाम फिजिओथेरपिस्टला विचारा. माझी उमेदीची वर्षं नांदेडच्या डिसेक्शन हॉलमध्ये, फॉर्मलिनच्या वासात गेली. माझ्या टेबलावरची माणसं कधी ‘दुखतंय’ म्हणाली नाहीत.

मावशी सकाळपासून वाकून कापत होत्या. विळा खाली ठेवला, बांधावरची पाण्याची घागर उचलायला गेल्या आणि चमक भरली. पायाळूचा गुण आला नाही, तेव्हा मुलाने शहरात नेलं. एमआरआय झाला. कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी फुगलेली निघाली. कुणीतरी ‘गॅप पडलाय’ म्हणालं, पट्टा दिला आणि महिनाभर झोपून राहायला सांगितलं.

या ‘गॅप’ शब्दाने माझं डोकं फिरतं. दोन मणक्यांमध्ये जागा असायलाच हवी, तिथे गादी असते. वयाबरोबर गादी चेपते आणि ती जागा कमी होते. म्हणजे झालं असेल ते ‘गॅप पडण्या’च्या नेमकं उलट. आणि फुगलेल्या गादीचं म्हणाल, तर २०१५ साली कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० माणसांच्या तपासण्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीच्या सुमारे ६० टक्के लोकांची गादी फुगलेली होती. मावशी पन्नाशीच्याच. चमक भरायच्या आदल्या दिवशी एमआरआय काढला असता तर तो कदाचित असाच दिसला असता.

मग दुखलं काय? इथे थोडं शास्त्र सोसा.

माणूस पुढे वाकला की त्याची गाडी धुरजड होते. डोकं, छाती, हात यांचं सगळं ओझं पुढे, आणि मागून ओढून धरणारे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच-सहा सेंटिमीटरवर. एवढ्या आखूड दांडीने तोल सावरायचा तर त्यांना ओझ्याच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो. पाठीच्या मधल्या पन्हाळीच्या दोन्ही बाजूंना हाताला लागतात ते दोन दोरखंड, इरेक्टर स्पायनी, हे काम करतात. अर्ध्या वाकापर्यंत.

पुढची गोष्ट विद्यार्थ्यांनाही आधी खरी वाटत नाही. पूर्ण वाकलं की हे स्नायू काम थांबवतात. फ्लॉइड आणि सिल्व्हर या दोन ब्रिटिश संशोधकांनी १९५५ साली पाठीवर इलेक्ट्रोड लावून हे नोंदवलं. वाक पूर्ण होताच स्नायूंचा विद्युत संदेश जवळजवळ बंद पडतो. सगळा भार मागच्या अस्थिबंधांवर, गादीवर आणि कंबरेच्या मोतिया रंगाच्या जाड पडद्यावर जाऊन पडतो.

यावर वाद आहे, आणि तो मला फार प्रिय आहे. कातडीवरचा इलेक्ट्रोड आतलं किती ऐकणार? १९९६ साली स्वीडनमध्ये बारीक तारा थेट खोल स्नायूंत घालून पाहिलं, तेव्हा क्वाड्रेटस लम्बोरम आणि इरेक्टरचा खोल, बाजूचा भाग जागा असलेला सापडला. म्हणजे वरचा पहारेकरी झोपतो, आतला नाही. गंमत म्हणजे कंबर दुखणाऱ्या बऱ्याच लोकांत वरचाही झोपत नाही, जणू त्याचा अस्थिबंधांवर भरवसा उरलेला नसतो. यावर मी तासभर बोलू शकतो. घरी बंदी आहे.

अस्थिबंध मात्र मी हाताने सोलून पाहिले आहेत. मणक्यांच्या कमानी जोडणारा लिगामेंटम फ्लेवम नावाप्रमाणे खरोखर पिवळा असतो. त्यात सुमारे ८० टक्के इलॅस्टिन, म्हणून तो रबरासारखा ताणतो आणि परततो. मणक्यांच्या टोकांवरून जाणारा सुप्रास्पायनस विद्यार्थी माकडहाडापर्यंत शोधत जातात. बहुतेकांत तो कंबरेच्या चौथ्या मणक्यापाशीच संपतो. जिथे ओझं सर्वात जास्त, तिथेच तो नाही! लोक या सगळ्याला सरसकट ‘शीर’ म्हणतात. चालायचंच, अभ्यासक्रमातही पाठ घाईतच उरकतात.

पण अस्थिबंध ताणून धरला की हळूहळू सैलावतो. कॅनडात मॅकगिल आणि ब्राऊन यांनी १९९२ साली तरुणांना वीस मिनिटं पूर्ण वाकवून ठेवलं. अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतरही त्यांची कंबर पूर्ववत झाली नव्हती. ही वीस मिनिटं. सोयाबीनची पात दिवसभराची असते. सैलावलेले अस्थिबंध, सुस्तावलेले स्नायू आणि त्याच क्षणी उचललेली घागर, मावशींचं दुखणं इथे कुठेतरी आहे असा माझा तर्क आहे. तर्कच, कारण असा सैलपणा साध्या एमआरआयवर दिसत नाही. झोपून राहण्याचा सल्ला मात्र चुकीचाच होता. मणक्याला चिकटलेला मल्टिफिडस स्नायू दुखण्यानंतर रोडावतो आणि दुखणं थांबलं तरी आपोआप भरून येत नाही.

‘पाठीत वाकू नका, गुडघ्यात वाका’ अशी पाटी बऱ्याच दवाखान्यांत असते. गुडघ्यात वाकून उचलल्याने कंबर वाचतेच, याला अभ्यासांमधून पक्का आधार मिळालेला नाही. आणि गुडघ्यात वाकून सोयाबीन कापून दाखवावं कुणीतरी.

दिवाळीनंतर मावशी भेटल्या, पट्ट्यावरून लुगडं नेसलेलं.

“जावईबापू, माझा मणका झिजला का?”

मी नाही म्हणालो. मग मोठ्या तज्ज्ञपणे सांगितलं की थोड्या थोड्या वेळाने उभं राहायचं, कंबर मागे करायची, आणि वाकून उठल्या उठल्या काही उचलायचं नाही, दोन मिनिटं जाऊ द्यायची.

“दोन मिनिटं?” त्या हसल्या. “उक्तं घेतलेलं असतंय. मी उभी राहिले की पात मागं पडती, मग बाकीच्या बाया बोलत्यात.”

डिसेक्शन हॉलमध्ये उक्त्याचा प्रश्न कधी आला नव्हता.

परवा मेहुण्याचा फोन होता. शेंगा भरल्यात, यंदा त्याच टोळीला उक्तं दिलंय, मावशीही आहेत म्हणाला. पट्टा बांधून येणार की पदर खोचून, ते विचारायचं राहून गेलं.