डब्यातली चूल

मुलीने डब्याची चूल केली तेव्हा माझी आई दोन दिवस तिच्याशी धड बोलली नाही. डिसेंबरच्या सुट्टीत जुन्नरजवळची तुळजा लेणी पाहायची, पायथ्याशी ओळखीच्या शेतकऱ्याच्या शेतात रात्र काढायची आणि लाकडावर खिचडी करायची, असा तिचा बेत. आई म्हणाली, "माझं अर्धं आयुष्य धुरात गेलं. मोळ्या विकून तुझ्या आईला शिकवलं. आता तुम्ही हौसेनं सरपण गोळा करायला निघालात होय?"

तिचे खोटे नव्हते. सुकी मोळी बाजारात जायची आणि आमच्या चुलीला उरायचे ते ओले काटूक. फुंकणीने फुंकून तिचे डोळे सदा लाल. १९८७ साली घरात गॅस आला, त्या दिवशी तिने बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला आणि फुंकणी भंगारवाल्याला देऊन टाकली.

मुलीची चूल मात्र निराळी. पत्र्याच्या मोठ्या डब्यात लहान डबा बसवलेला. बाहेरच्या डब्याला खाली भोके, आतल्याच्या बुडाला जाळी आणि काठाखाली पुन्हा भोकांची रांग. बोटाएवढ्या सुक्या काटक्या भरायच्या आणि जाळ वरून लावायचा. दोन डब्यांमधून वर चढताना हवा तापते, वरच्या भोकांतून आत येते आणि धूर तिथेच पेटून जळतो. जस्ताचा पत्रा तेवढा घेऊ नये, तापला की त्याची वाफ बाधते. ही चूल तंबूतही पेटवू नये. राखीव जंगलात तर विस्तव करायला कायद्यानेच बंदी आहे, म्हणून आम्ही शेत निवडले.

आई शेवटी आलीच. "तुम्हा दोघींना विस्तव सांभाळता यायचा नाही," हे कारण. ती बांधावर बसली, आम्ही दोघी लेणी चढून आलो. तिथले चैत्यगृह गोल आहे. मधल्या स्तूपाभोवती बारा खांब. इतकी लेणी पाहिली, पण असे गोल चैत्यगृह मी दुसरे पाहिलेले नाही. त्या वर्तुळात आम्ही वंदना घेतली.

खाली येतो तो आईने काटक्यांचे दोन ढीग लावून ठेवलेले. "ही तुरीची तुऱ्हाटी, भडकन पेटते नि लगेच विझते. पेटवायला हीच. ही बाभूळ, धरून जळते." पातेल्याच्या बुडाला तिने ओल्या मातीचा लेपही दिला, काजळी धरू नये म्हणून. सपाट दगडावर चूल ठेवली, शेजारी पाण्याची बादली. पहिल्या मिनिटाला धूर निघाला तशी आईने सवयीने तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला. मग वरच्या भोकांतून जाळाच्या जिभा आत वळल्या आणि धूर थांबला. आईने हळूच पदर काढला. ती बराच वेळ त्या भोकांकडे बघत राहिली. काही बोलली नाही. मलाही काही सुचेना. हे चार पैशांचे डबे तेव्हा कुणी आमच्या वस्तीत का आणून दिले नाहीत, एवढेच मनात येत होते.

चूल लहान, सारखे काटूक घालावे लागते. खिचडी थोडी खाली लागली. तिघींनी पातेले खरवडून खाल्ले.

पहाटे थंडीने जाग आली तर आई चुलीपुढे बसलेली, चहा उकळतोय. मुलगी आनंदाने म्हणाली, "आजी, आवडली ना?"

"धूर नाही हे खरं," आई म्हणाली. "पण घरी गेल्यावर चहा गॅसवरच ठेव."