माहेरचं स्टेशन

मैत्रिणींनो, तुम्ही हसाल, पण गेल्या पावसाळ्यात मी एक रेल्वे बांधली. चिपळूणहून निघायचं, कुंभार्ली घाट चढायचा आणि पाटण तालुक्यातल्या माझ्या माहेरी उतरायचं. रूळ, बोगदे, पूल, सिग्नल सगळं मी या हातांनी घातलं. आता फार ताणत नाही, सांगून टाकते. ही रेल्वे कॉम्प्युटरमधली आहे!

झालं असं. आमच्या नववीतल्या चिरंजीवांनी मामाकडून एक खेळ आणला. ‘ट्रेन्झ’ त्याचं नाव. २००१ साली ऑस्ट्रेलियातल्या एका कंपनीने तो पहिल्यांदा काढला. त्यात आगगाडी चालवता येते, आणि हवा तर आपला मार्गही बांधता येतो. चिरंजीवांना नुसती गाडी पळवण्यात रस. मी आपली नेहमीप्रमाणे ओरडत होते, “अभ्यास कर, डोळे जातील!” एक दिवस शाळेतून एक वाजता घरी आले. सासूबाई झोपलेल्या, हे ऑफिसात. म्हटलं, बघू तरी पोरगा काय करतो ते. बसले ती उठले थेट चहाच्या वेळेला.

सुरुवातीला पडद्यावर एक सपाट चौकोन येतो, पोळपाट ठेवावा तसा. त्याची एक बाजू ७२० मीटर. त्याला दुसरा चौकोन जोडायचा, मग तिसरा. त्यावर डोंगर उचलायचे, नदी खणायची, झाडं लावायची. इथे टिचकी, तिथे टिचकी, की मध्ये रूळ तयार. वाटलं, किती सोपं! पण जमीन नीट केली नाही तर रूळ हवेत लोंबतात, नाहीतर मातीत गडप होतात. माझा पहिला पूल नदीच्या चांगला दहा मीटर वरून गेला आणि पलीकडे डोंगराच्या पोटात घुसला. चिरंजीव म्हणाले, “आई, हा पूल आहे की झोपाळा?”

मी भूगोलाची बी.ए. अर्धवेळ शिक्षिका म्हणून आठवीला समोच्चरेषा शिकवते. रेषा जवळजवळ असल्या की उतार तीव्र, लांब लांब असल्या की मंद, हे फळ्यावर किती वर्षं लिहितेय! पण त्याचा अर्थ मला कळला तो या घाटात. आगगाडीला एसटीसारखं चढता येत नाही. लोखंडी चाक, लोखंडी रूळ. चढ जरा उभा झाला की चाक घसरायला लागतं. बोरघाटात ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, असा चढ आहे, आणि तेवढ्यालाही बऱ्याच गाड्यांना कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिनं जोडतात. कोकण रेल्वेवाल्यांनी तर १५० मीटरला १ मीटर याहून उभा चढ घेतलाच नाही. म्हणून त्यांना नव्वदाहून जास्त बोगदे खणावे लागले. त्यातला रत्नागिरीजवळचा करबुड्याचा बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा. १९९८ च्या जानेवारीत ती रेल्वे पूर्ण सुरू झाली, तेव्हापासून आपण खिडकीत बसून शेंगा खात ते बोगदे मोजतो. त्यामागचा हिशेब मला आत्ता कळला.

माझा हिशेब सांगते. पोफळीच्या बाजूने घाटमाथ्यापर्यंत सुमारे ५०० मीटर चढायचं. बोरघाटाचा चढ घेतला तर साडेअठरा किलोमीटर रूळ लागतात, कोकण रेल्वेचा घेतला तर ७५ किलोमीटर! आणि कावळा उडत गेला तर अंतर जेमतेम आठ-दहा किलोमीटरचं. मग काय, डोंगराला साडीच्या निऱ्या घालाव्यात तशी वळणं घातली. बोरघाटाचाच चढ घेतला. सहा बोगदे झाले. उतारावर ब्रेक गेलेली गाडी थांबावी म्हणून बोरघाटात उलट्या चढावर जाणारा जादा रूळ असतो, तोही ठेवला. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांना एकमेकींना वाट देण्यासाठी लूप लागते, आणि ती सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांब हवी, हे मात्र चूक केल्यावर शिकले. माझ्या पहिल्या लूपमध्ये गाडीचे शेवटचे दोन डबे बाहेरच राहिले. एकदा तर तीन दुपारचं काम ‘सेव्ह’ न करता उठले आणि वीज गेली. दूध उतू गेल्यावर होतं ना, तसं झालं. तुमच्यापैकी कुणी हे करायला बसलं तर एवढं ऐका: दोनच स्टेशनांपासून सुरुवात करा, आणि दर दहा मिनिटांनी काम जपून ठेवा.

हे म्हणायचे, “सरकारला जमलं नाही ते तू करणार वाटतं!” चिपळूण-कऱ्हाड रेल्वेची चर्चा आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय, अजून काही गाडी धावलेली नाही. मी नुसती हसायचे. मी हे का करतेय, ते त्यांना सांगितलं नव्हतं. खरं तर मलाच नीट माहीत नव्हतं.

दिवाळीनंतर आई चार दिवस राहायला आली. मी मोठ्या हौसेने तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं. चष्मा पुसून तिने सगळं पाहिलं. बोगदे पाहिले, पूल पाहिला. गाडी आमच्या गावाच्या स्टेशनात शिरली तशी म्हणाली, “आणि हे कुणाचं रान घेतलंस गं?”

मी बघतच राहिले. आमच्या घरामागे तात्यांचं भाताचं खाचर आहे. ते मी सपाट करून तिथे फलाट बांधला होता. जागा मोकळी दिसली, घेतली!

माझं आजोळ कोयनेच्या शिवसागर जलाशयाखाली आहे. धरण झालं तेव्हा आई तान्ही होती. आजी अखेरपर्यंत पाण्याकडे बोट दाखवून सांगायची, “तिथं आपला उंबरा होता.” त्या आजीची नात मी, आणि एका टिचकीत दुसऱ्याचं शेत पुसून बसले. आई रागावली नव्हती. म्हणाली, “रेल्वे हवीच गं बाई. पण रान सोडून जाता येतंय का बघ आधी.”

बघितलं. येत होतं. मार्ग नदीपासून वर, डोंगराच्या कडेने न्यायचा. त्यासाठी आणखी एक बोगदा आणि एक उंच भराव, आणि स्टेशन गावापासून दीड किलोमीटर लांब. आपल्याकडे गाव आणि स्टेशन लांब असलं की नावापुढे ‘रोड’ लावतात, सावंतवाडी रोडसारखं. तसं आमच्याही स्टेशनाला लावलं. आईच्या सांगण्यावरून फलाटावर पाण्याचा नळ आणि बायकांना बसायला आडोसा केला. “दीड कोस चालत आलेल्या बाईला आधी पाणी लागतं,” ती म्हणाली.

आई परत गेली आणि एका दुपारी मी पहिली गाडी सोडली. स्वतः चालवली, जराही घाई न करता. वाशिष्ठीचं खोरं गेलं, पोफळी गेलं, बोगदे गेले. तासाभरात गाडी आमच्या स्टेशनात उभी राहिली. फलाटावर नळ होता, आडोसा होता. माणूस एकही नव्हतं.

आणि मैत्रिणींनो, मला रडू फुटलं.

२०२१ च्या जुलैत चिपळुणात पूर आला, तेव्हा आम्ही वरच्या मजल्यावर अडकलो होतो. खाली पाणी, घाटात दरड, फोन बंद. तिकडे माझे बाबा गेले. मी पोचले ती पाचव्या दिवशी. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आले, घाट आडवा आला. रेल्वे असती तर मी पोचले असते. ते खरं नाही. वाशिष्ठीच्या पुरात कोकण रेल्वेसुद्धा थांबली होती. आणि त्याच्या आधीच्या महिन्यात बाबांचा दोनदा फोन आला होता, “येऊन जा गं.” तेव्हा घाट उघडा होता. एसटीचा दोन तासांचा तर रस्ता! पण ऑनलाइन वर्ग होते, सासूबाईंचं पथ्य होतं, लोणचं घालायचं होतं. म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊ.

सहा महिने मी रूळ टाकत होते. शेवटचा रूळ टाकला, घाट सपाट झाला, आणि दोष द्यायला घाट उरला नाही.

त्या रात्री ह्यांना सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. सकाळी मात्र म्हणाले, “दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तू माहेरी जायचं. आईचं पथ्य मी बघतो.” आमटीत मीठ जास्त पडतं म्हणे, पण सासूबाईंची तक्रार नाही.

आता मी लाल एसटीने जाते. घाटात अजूनही मळमळतं. पिशवीत आवळासुपारी ठेवते. आई रस्त्यावर फाट्याला येऊन उभी असते. तिथे नळही नाही, आडोसाही नाही.

रेल्वेचं काम मी सोडलेलं नाही. अजून पाटण यायचंय, कऱ्हाड यायचंय. पण त्यासाठी दुपार राखून ठेवली आहे, शनिवार नाही. तुमचंही माहेर कुठल्यातरी घाटापलीकडे असेल. तो घाट खरंच किती उंच आहे, ते एकदा मोजून बघा.