दुसऱ्या खेपेला रत्नागिरी

पहिल्या खेपेला तुम्ही ‘प्रेग्नंट’ असता. दुसऱ्या खेपेला तुम्ही एका चार वर्षांच्या मुलीची आई असता, आणि वेळ उरलाच तर प्रेग्नंट! पहिल्या वेळी माझ्या मोबाइलवर, बाळ या आठवड्यात लिंबाएवढं झालं की पेरूएवढं, हे सांगणारं अ‍ॅप होतं. ऑफिसातल्या मुलींनी सरप्राइज डोहाळजेवण केलं होतं, फुलांच्या दागिन्यांसकट. या वेळी कुणी ‘कितवा गं?’ विचारलं की मी आधी बोटं मोजते.

तर कितवा? सातवा. आणि मुक्काम पोस्ट रत्नागिरी.

खरं तर रिवाज असा की पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी. पण सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय. त्याच म्हणाल्या, ‘तू आईकडेच जा. इथे राहिलीस तर कोण कुणाचं करतंय तेच कळायचं नाही.’ डॉक्टरांनी हायवेवर फुली मारली आणि रेल्वेला होकार दिला. मग काय, पहाटेची जनशताब्दी, खिडकीची सीट, डब्यात तूपसाखरेच्या पोळ्या आणि मांडीवर जागा उरलेली नसल्यामुळे शेजारी चिकटून बसलेली लेक. चिपळूणनंतर ती बोगदे मोजायला लागली. रत्नागिरीच्या थोडं अलीकडे करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. तो काही केल्या संपेना. अंधारात तिने माझ्या पोटावर हात ठेवून विचारलं, ‘बाळाला असंच दिसतं?’ मी म्हटलं, ‘असंच.’ ‘मग ते कंटाळत नाही?’

सध्या घरात चार माणसं आहेत : आई, बाबा, लेक आणि मी. नवरा मुंबईत, एक वीकेण्ड सोडून एक येतो, येताना लेकीसाठी काहीतरी आणतो आणि माझ्यासाठी ऑफिसच्या गॉसिपा. रजा मी अजून घेतलेली नाही. २०१७ साली कायदा बदलला तेव्हापासून पहिल्या दोन मुलांच्या वेळी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे डिलिव्हरीच्या आधी घेता येतात, पण जिला एक मूल आहे ती बाई हे आठ आठवडे आधी उडवत नाही. रात्रीची जागरणं काय असतात ते तिला माहीत असतं! म्हणून माजघरातल्या टेबलावर लॅपटॉप, कानात हेडफोन, आणि मागे आईच्या मिक्सरमध्ये वाटप. परवा क्लायंट कॉलवर सगळ्यांनी कोळणीचा आवाज ऐकला. बांगडा कसा दिला तेही ऐकलं. शेजारच्या काकूंचं मात्र अजून समाधान झालेलं नाही. ‘घरीच असतेस ना गो? मग सुट्टीच की!’

खाण्याचं म्हणाल तर, मी मार्चमध्ये आले हे माझं नशीब. ओल्या काजूंची उसळ, कुळथाचं पिठलं, घावन, सोलकढी. फणस ‘बाधतो’, पपई ‘उष्ण’, आंबा ‘बेताने’ अशी आईची यादी आहे. ही यादी डॉक्टरांच्या यादीशी कुठेच जुळत नाही. मी दोन्ही ऐकून घेते आणि आंबा खाते.

आता गावाबद्दल. तुम्ही गणपतीपुळ्याला जाता, आरे-वारेच्या रस्त्यावर गाडी थांबवून फोटो काढता, हापूसची पेटी घेता आणि परत. रत्नागिरी शहर मधल्या चहापुरतं. मी इथे वाढले, तरी मीही हे गाव नीट पाहिलेलं नव्हतं, कारण शाळा-कॉलेजच्या वयात स्कूटीवरून सगळं भर्रकन मागे जायचं. या खेपेला एक शोध लागला. सात महिन्यांची गरोदर बाई आणि चार वर्षांचं मूल यांचा स्पीड अगदी सेम असतो. दोघींनाही दर अर्ध्या तासाने शू लागते. दोघींनाही चढ आला की बसायचं असतं, आणि बसलं की काहीतरी खायचं असतं. गेली दोन वर्षं मी तिला सकाळी ‘चल लवकर, बस जाईल’ आणि रात्री ‘झोप लवकर’ एवढंच म्हणत आले होते. इथे संध्याकाळी साडेपाचला लॅपटॉप मिटतो आणि आम्ही दोघी रिक्षा पकडतो.

मांडवीला जायचं. तिथली वाळू काळी. रत्नदुर्गाच्या पलीकडच्या अंगाला गेलात की वाळूचा रंग पालटतो, त्या किनाऱ्याला नावच ‘पांढरा समुद्र’. एका गावाचे दोन रंगांचे दोन समुद्र, आणि मधे समुद्रात घुसलेला किल्ला, त्यावर भगवतीचं देऊळ. लेकीने दोन्हीकडची मूठ-मूठ वाळू दोन बरण्यांत भरून आजीच्या देव्हाऱ्याशेजारी ठेवली आहे. ‘ही माझी, ही बाळाची.’ पांढरी कुणाची, यावर रोज निकाल बदलतो. भाट्याच्या पुलावर वारा एवढा असतो की माझ्या ओढणीचं शीड होतं. पलीकडे नारळ संशोधन केंद्र. आणि पावसाची भीती नसलेल्या दुपारी मत्स्यालय, कृषी विद्यापीठाच्या सागरी संशोधन केंद्राचं. तिथे देवमाशाचा भला मोठा सांगाडा आहे. फासळ्यांच्या खाली उभं राहून लेक म्हणाली, ‘याच्या पोटात किती बाळं मावतील!’ देवमासा अंडी घालत नाही, पिल्लाला जन्म देतो आणि दूध पाजतो, हे सांगितल्यावर तिने तिथल्या सगळ्या माशांकडे जरा तुच्छतेने पाहिलं.

हे सगळं मस्त चाललं होतं. पण गावाला एक सवय आहे. ओळखीचं कुणीही भेटलं, की आधी माझ्या पोटाकडे बघतं, मग खाली लेकीकडे, आणि मग हसून : ‘आता तुझे लाड संपले हो बाय!’ वाण्याने म्हटलं. देवळात दोन आज्यांनी म्हटलं. रिक्षावाल्याने म्हटलं. कुणाच्याच मनात वाईट नसतं, कोकणात चेष्टेशिवाय प्रेम दाखवत नाहीत. पण चार वर्षांच्या माणसाला चेष्टा आणि बातमी यातला फरक कळत नाही. तिसऱ्या की चौथ्या वेळेनंतर तिने स्वतःच्या हाताने जेवणं बंद केलं. मग ‘मला उचल.’ मग रात्री दोनदा उठून मी पलंगावर आहे का ते बघणं. आई म्हणाली, ‘होतं असं, तूही भावाच्या वेळी हेच केलंस.’ मी हे केलं होतं हे मला आठवत नाही, म्हणजे ते पुसलं जातं, एवढा दिलासा घेतला. पण वाण्याला मात्र दुसऱ्या दिवशी सरळ सांगितलं, काका, हे वाक्य आता बंद.

दुसरी सवय त्याहून जुनी. ‘पहिली मुलगी ना? मग या वेळी…’ आणि पुढचं वाक्य डोळ्यांनी. माझं पोट पुढे आलंय की बाजूंना, चेहरा उतरलाय की उजळलाय, गोड आवडतं की आंबट, यावर आमच्या आळीत छोटीशी पॅनल डिस्कशन झालेली आहे. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर, गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे, असा बोर्ड लावलेला असतो. कायदा १९९४ चा. त्याच बोर्डाखालच्या बाकड्यावर हे सगळे अंदाज चालतात! नोंदणीला आलेल्या आशाताईंनी तेवढं वेगळं काहीतरी सांगितलं. मातृवंदना योजनेत २०२२ पासून दुसरं बाळ मुलगी झालं तर सहा हजार रुपये मिळतात. मला पगारी रजा असल्यामुळे ते लागू नाहीत. तरी ‘दुसरीही मुलगी’ या शब्दांनंतर सुस्कारा न येता आकडा येतो, हे ऐकायला बरं वाटलं.

आणि याच सगळ्या डोक्यातल्या गोंधळात आम्ही थिबा पॅलेसला गेलो.

तुम्ही गेला असाल तर राजाची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि त्याला मंडालेहून हलवलं. आधी मद्रास, मग एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. १९१६ मध्ये तो इथेच वारला. शाळेच्या ट्रिपमध्ये आम्हाला एवढंच सांगितलं होतं, आणि आम्ही त्या गोल खिडक्यांखाली बसून वेफर्स खाल्ले होते. या वेळी मात्र मी राणीच्या मागे लागले. सुपयालत राणी मंडाले सोडताना गरोदर होती. बरोबर दोन मुली, एक पाच वर्षांची, एक तीन. तिसरी मुलगी मद्रासला झाली, १८८६ च्या मार्चमध्ये. एप्रिलच्या मध्यावर बोट रत्नागिरीला लागली. तारखा जुळवून पाहिल्या. म्हणजे ती इथे उतरली तेव्हा सव्वा महिन्याची बाळंतीण होती! आपल्याकडे ज्या दिवसांत बाईला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नाहीत, ते सगळे दिवस संपता संपता ही बाई तीन पोरी घेऊन, ना भाषा ओळखीची ना माणूस, या गावच्या किनाऱ्यावर आली. पुढच्या वर्षी चौथी झाली. ती थेट रत्नागिरीची, १८८७ ची. चारही मुलीच. आमच्या आळीचं पॅनल तेव्हाही असणार, नाही का?

लेकीला राजकन्या म्हटल्यावर अर्थातच सगळं ऐकायचं होतं. ‘त्या इथे खेळायच्या?’ तिथेच गंमत आहे. हा महाल तयार झाला १९१० मध्ये. तोवर हे कुटुंब इंग्रजांनी दिलेल्या बंगल्यांतून राहत होतं, आणि महालात राहायला आले तेव्हा थोरली तिशीला पोचली होती. बालपण सगळं पहाऱ्यातल्या बंगल्यांत गेलं. राजघराण्याला शोभेल असा नवरा रत्नागिरीत कुठून येणार? थोरलीचा जीव दारावरच्या पहारेकऱ्यावर जडला, गोपाळ सावंत त्याचं नाव, आधीच लग्न झालेला. १९०६ मध्ये तिला मुलगी झाली, टूटू. राजा गेल्यावर १९१९ मध्ये मंडळी ब्रह्मदेशात परतली. टूटूला घेऊन थोरलीही गेली, पण तिथे तिचं मन रमलं नाही. ती मुलीला घेऊन परत रत्नागिरीला आली, आणि १९४७ मध्ये गेली, ती याच गावात. टूटू तर पुरती इथली झाली. मराठी बोलणारी, गरिबीत संसार करणारी, ढीगभर मुलंबाळं असलेली राजाची नात. ती २००० सालापर्यंत होती, म्हणजे मी शाळेत होते तेव्हा बाजारात कदाचित माझ्या शेजारी उभी असेल. पुढे २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन राजाच्या समाधीवर येऊन गेले. तेव्हा गावाला पुन्हा एकदा थिबा आठवला.

यातलं मी लेकीला अर्थातच निम्मंच सांगितलं. पहारेकरी गाळला, गरिबी गाळली. पण तिने बरोबर नको तिथेच बोट ठेवलं.

‘मोठीचं काय झालं?’

‘ती परत इथे आली.’

‘आणि तिची आई?’

‘आई तिकडेच राहिली.’

महालाच्या वरच्या मजल्यावरून भाट्याची खाडी दिसते, माड दिसतात, दूर समुद्र. ती बराच वेळ रेलिंगच्या फटीतून बघत होती. मग म्हणाली, ‘तिला सांगायला पाहिजे होतं.’ काय सांगायला पाहिजे होतं, ते विचारलं तर म्हणे, ‘सगळं.’

तेव्हापासून मी सांगायला लागले. बाळ येणार त्या दिवशी आई हॉस्पिटलमध्ये जाईल. कदाचित रात्री, कदाचित तू झोपलेली असताना. जाताना मी तुला उठवणार, दिवा लावून, मग भले रडू दे. दोन रात्री मी घरी नसणार, सिझर झालं तर आणखी दोन-तीन. तू आजीजवळ झोपशील. सकाळी आजोबा तुला रिक्षाने आणतील, आणि बाळ आधी तू बघशील, मग वाणी, मग आळी. ही शेवटची अट तिने घातलेली आहे. बाबांच्या आधी की नंतर, यावर वाटाघाटी चालू आहेत.

उचलून घ्यायचं मी थांबवलंय, कंबर ऐकत नाही. त्याऐवजी मी खाली बसते आणि ती मागून गळ्यात हात टाकते, तसं चालतं. जेवण अजून भरवावं लागतं. शिमग्याला भैरीबुवाची पालखी आळीत आली तेव्हा ढोलाचा आवाज सुरू झाला आणि पोटातल्याने अशी लाथ मारली की मी ओरडले. लेकीने लगेच कान लावला आणि सगळ्या बायकांसमोर जाहीर केलं, ‘त्याला ढोल नको आहे. त्याला झोपायचंय. हळू वाजवा!’ कुणी हळू वाजवलं नाही, पण एका आजीने तिला जवळ घेऊन नारळाचा तुकडा दिला आणि विचारलं, ‘काय गो, भाऊ पाहिजे की बहीण?’

‘अजून पालखीच बघतेय मी,’ लेक म्हणाली, आणि खोबरं खायला लागली.