मलकापूरचा पाहुणा शाहू स्टेडियमवर

गोंदियाहून निघणारी महाराष्ट्र एक्सप्रेस शेगाव, मलकापूर करत थेट कोल्हापूर गाठते. बुलढाणा जिल्ह्यातली माणसं तिनं अंबाबाईच्या दर्शनाला जातात, तिकडची गजानन महाराजांच्या दर्शनाला येतात. फुटबॉल बघायला म्हणून या गाडीत बसलेला माणूस मला तरी माहीत नाही. मीही त्यासाठी गेलो नव्हतो. नोकरीतल्या बदलीनं कोल्हापूर नशिबी आलं, आणि एका दुपारी ऑफिसातल्या सहकाऱ्यानं जवळजवळ ओढतच शाहू स्टेडियमवर नेलं. पाटाकडील तालीम मंडळ विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ. म्हणजे मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ.

गॅलरीत शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं आधी चौकशी केली.

"पाव्हणं, कुठलं म्हणायचं?"

"मलकापूरचा."

"शाहूवाडीचं का कराडजवळचं?"

"बुलढाणा जिल्ह्यातलं."

"मग लई लांबचं की! बसा हितंच. आज आमच्याकडनं वरडायचं."

ते 'आमच्याकडनं' म्हणजे मंगळवार पेठेकडून, हे मला पाच मिनिटांनी कळलं, पाटाकडीलच्या पोरानं चेंडू हिसकावल्यावर म्हातारा उभा राहिला तेव्हा.

आमच्या शाळेत फुटबॉल म्हणजे एक चेंडू आणि त्यामागं धावणारा अख्खा वर्ग. खरा मान कबड्डीला, खो-खोला आणि उन्हाळ्यात आखाड्याला. कोल्हापुरात मात्र आखाडा आणि फुटबॉल एकाच घरचे निघाले. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं. पेठोपेठी तालमी होत्याच. पुढं याच तालमींच्या नावानं फुटबॉलचे संघ मैदानात उतरू लागले: पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. लाल मातीत घुमणाऱ्या पोरांनी चेंडूही आपलासा केला. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. इथं सगळे तिला 'केएसए' म्हणतात. छत्रपती घराण्याचा तिला आजही आधार आहे.

हा खेळ हिंदुस्थानात आणला गोऱ्या पलटणींनी. १८८८ साली सिमल्यात ड्युरंड करंडकाची पहिली अंतिम लढत झाली ती दोन स्कॉटिश पलटणींमध्येच. रॉयल स्कॉट्स फ्युजिलियर्सनी हायलँड लाइट इन्फंट्रीला २-१ असं हरवलं. त्याच स्कॉटलंडात अर्ब्रोथ नावाचं समुद्रकाठचं लहानसं गाव आहे. त्या गावच्या क्लबनं १८८५ मध्ये बॉन अकॉर्ड या संघाचा ३६-० असा फडशा पाडला होता, आणि त्या एका दिवसावर गाव अजून मिरवतं. हे मी म्हाताऱ्याला सांगितलं. "छत्तीस? गोलकीपर जेवाय गेलता काय?" एवढंच तो म्हणाला.

पण एका गावाचा एक क्लब हा हिशेब कोल्हापुरात चालत नाही. इथं गाव एक आणि क्लब पेठेगणिक. शिवाजी तरुण मंडळही शिवाजी पेठेचं आणि खंडोबाही त्याच पेठेचा. तालमीतच गणपती बसतो, शिवजयंतीची मिरवणूक तिथूनच निघते, रक्तदान शिबिर तिथंच. गल्लीत लग्न असो की मयत, धावून येणारी पोरं तीच, आणि दुपारी तिकिटाच्या रांगेतही तीच. त्यामुळे हरणं म्हणजे नुसते गुण जाणं नसतं. रात्री कट्ट्यावर पेठेची अब्रू चर्चेला असते. कधी ही ईर्ष्या दगडफेकीवर जाते, बंदोबस्त लागतो, हंगाम अडतो. हौसेच्या नावाखाली ते खपवून घ्यावं असं मला अजिबात वाटत नाही, आणि म्हाताऱ्यालाही वाटत नव्हतं.

नोंदणीचा काळ आला की खेळाडूंची पळवापळवी. मानधन वाढलं तसे पोरगे पेठ बदलू लागले, आणि नायजेरियासारख्या देशांतूनही खेळाडू येऊ लागले. जाणकार कुरकुरतात की गल्लीतलं पोरगं बाकावर बसतं. मला त्यात तथ्य वाटतं. अनिकेत जाधव हा कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, पण त्याला घडवलं पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीनं. मी तसं म्हटलं, तर म्हाताऱ्यानं मैदानातल्या उंच आफ्रिकन बचावपटूकडं बोट केलं. "त्यो? तालमीतच राहतोय. तांबडा रस्सा आमच्यापेक्षा जास्त वरपतोय."

विश्वचषकाच्या दिवसांत तर शहर अर्जेंटिना आणि ब्राझील असं दुभंगतं. चौकाचौकांत मेस्सी-नेमारचे कटआउट. २०२२ मध्ये अर्जेंटिना जिंकल्यावर इथल्या रस्त्यांवर दिवाळी झाली. पण पेठेची मॅच असली तर मेस्सीही दुय्यम.

मध्यंतरात म्हाताऱ्यानं शेंगदाण्याची पुडी पुढं केली.

"तुमच्याकडं फुटबॉल न्हाई, तर पोरं सांजचं करत्यात काय?"

"पोलीस भरती, सैन्य भरती. त्यासाठी धावतात."

"रोज?"

"रोज. पहाटे आणि संध्याकाळी."

"मग मधी एक बॉल टाका की!"

शिट्टी वाजली. तो पुन्हा उभा राहिला, आणि मागच्या माणसानं त्याला खाली बसायला सांगितलं.