केशरोपण आणि नंतरची राखण

गिऱ्हाइकाशी रोज समोरासमोर बोलणाऱ्या तरुणाला तिशीत पडलेले टक्कल फार बोचते. लग्नाच्या बोलण्यांतही ते आडवे येते. म्हणून अनेक घरांत आता केशरोपणाचा विचार होऊ लागला आहे.

केशरोपण म्हणजे एका खात्यातील रक्कम दुसऱ्या खात्यात वर्ग करणे. डोक्याच्या मागील भागातले केस मुळांसह काढून पुढे रोवले जातात. जागा बदलली तरी ते आपला टिकाऊ गुण सोडत नाहीत. हे तत्त्व न्यूयॉर्कचे त्वचातज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५९ साली मांडले. मात्र एकूण शिल्लक वाढत नाही, आणि आसपासच्या मूळच्या केसांची गळती चालूच राहते. तिला आवर घालण्यासाठी मिनॉक्सिडिलचे द्रावण टाळूला लावतात. मुळात हे रक्तदाबावरचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढलेले दिसले, तेव्हा त्याचा हा दुसरा उपयोग पुढे आला. अमेरिकेत १९८८ साली त्याला मान्यता मिळाली.

एका कापड व्यापाऱ्याच्या मुलाने केशरोपण करून घेतले. तिसऱ्या आठवड्यात रोवलेले केस गळू लागले आणि घरात पैसे बुडाल्याची कुजबुज सुरू झाली. ही गळती अपेक्षितच असते. मुळे आत शाबूत राहतात. चौथ्या महिन्यापासून केस उगवले, वर्षभरात कपाळ भरले. आता औषध कशाला, असे म्हणून मुलाने द्रावण बंद केले. काही महिन्यांतच मागचे मूळचे केस विरळ झाले. पुढे दाट पट्टा आणि मागे उघडी टाळू, अशी स्थिती झाली. वडील म्हणाले, “मुद्दल गुंतवलंस, पण राखण केली नाहीस.”

द्रावण शस्त्रक्रियेनंतर लगेच लावू नये. जखमा भरल्यावर, डॉक्टर सांगतील तेव्हाच सुरू करावे. सुरुवातीला थोडे केस गळाले तरी घाबरू नये. छातीत धडधड किंवा चक्कर जाणवल्यास मात्र ते थांबवून डॉक्टरांना गाठावे. औषध सोडले की त्याने राखलेले केस तीन-चार महिन्यांत गळू लागतात. म्हणून ‘हे किती वर्षे लावावे लागेल?’ हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधीच विचारावा.

रोपण हा एकदाचा खर्च, राखण हा रोजचा. रोजचा झेपणार नसेल, तर एकदाचा करण्यापूर्वी थांबावे. केस विरळ झाल्याने बाजारातली पत उतरत नाही.