न पोचलेलं पाकीट

भंडारा रोड हे आमच्या वरठीचं स्टेशन. गाडीतून टपालाच्या थैल्या उतरताना बघतच मी मोठा झालो आणि तिकिटं जमवायला लागलो ते तेव्हापासून. पण संग्राहक म्हणून माझी दृष्टी बदलली ती नागपूरच्या एका ज्येष्ठ संग्राहकांच्या घरी. त्यांनी 1931 सालचं एक पाकीट समोर ठेवलं. त्यावर विल्किन्स-एल्सवर्थ पाणबुडी मोहिमेचा ठसा होता. "हे उत्तर ध्रुवाला निघालं होतं," ते म्हणाले, "पोचलं नाही. म्हणून तर जपलंय."

त्यांनी सांगितलेली हकिगत मी नंतर वाचून पडताळली. मोहिमेचे प्रमुख सर ह्यूबर्ट विल्किन्स यांना अमेरिकन नौदलाची 'ओ-12' ही जुनी पाणबुडी वर्षाला एक डॉलर भाड्याने मिळाली. तिचं नाव त्यांनी 'नॉटिलस' ठेवलं. ध्रुवावर जर्मनीचं 'ग्राफ झेपेलिन' हे हवाई जहाज तिला भेटणार आणि दोघं टपालाची अदलाबदल करणार, असा बेत होता. अशा मोहिमांच्या खर्चाचा काही भार त्या काळी तिकीटसंग्राहकही उचलत; झेपेलिनच्या त्या उड्डाणासाठी जर्मनीने खास 'पोलार-फार्ट 1931' अशी अक्षरं छापलेली तिकिटं काढली.

अटलांटिकमध्येच नॉटिलसची इंजिनं बंद पडली. 'वायोमिंग' या युद्धनौकेने तिला ओढत आयर्लंडला नेलं. झेपेलिनने जुलैअखेर फ्रान्झ योसेफ बेटांपाशी 'मालिगिन' या सोव्हिएत बर्फफोड्या जहाजाशी टपाल बदललं. नॉटिलस बर्फापाशी पोचली तेव्हा ऑगस्ट उजाडला होता, आणि डुबकी मारायला लागणारी तिची पातीच नाहीशी झाली होती. तरीही विल्किन्स बर्फाखाली शिरले, 82 अंश उत्तर अक्षांशापर्यंत गेले. नोव्हेंबरमध्ये ती पाणबुडी नॉर्वेत बर्गनजवळच्या फ्योर्डात बुडवली गेली.

पुढे 3 ऑगस्ट 1958 रोजी त्याच नावाची अणुपाणबुडी ध्रुवाखालून गेली. दुसऱ्या वर्षी अमेरिकेने कुत्र्यांची घसरगाडी आणि बर्फाखालची पाणबुडी एकत्र दाखवणारं चार सेंटचं तिकीट काढलं. ते माझ्याकडे आहे. त्याच 1959 च्या मार्चमध्ये 'स्केट' ही पाणबुडी ध्रुवावर बर्फ फोडून वर आली आणि तिथे विल्किन्स यांच्या अस्थी विखुरल्या गेल्या. यशाच्या या तिकिटापेक्षा मला ते अडखळलेलं पाकीट मोलाचं वाटतं. तिकीट सरकार छापतं. पाकिटावर माणसांनी भोगलेला प्रवास असतो.

ध्रुवीय टपाल आपल्याला परकं नाही. भारताने 1984 मध्ये अंटार्क्टिकावर 'दक्षिण गंगोत्री' या संशोधन तळावर टपालघर उघडलं. तो तळ बर्फात गाडला गेल्यावर 1990 मध्ये 'मैत्री' तळावर दुसरं सुरू झालं, आणि 5 एप्रिल 2024 ला 'भारती' तळावर तिसरं. त्याला तेव्हा प्रायोगिक पिन मिळाला: एमएच-1718. भारताचं ध्रुवीय संशोधन केंद्र गोव्यात आहे आणि गोवा महाराष्ट्र टपाल परिमंडळात येतं, म्हणून भारतीची ही शाखाही त्याच परिमंडळाची. आमच्या वरठीचं पोस्टही त्याच परिमंडळातलं. गोव्याच्या त्या केंद्रात पत्रं गोळा होतात, मोहिमेबरोबर जातात, तिथला शिक्का घेऊन परत येतात. मी पाठवलेलं पत्र पोस्टमनदादांनी हातात दिलं तेव्हा शिक्का दोघांनी मिळून वाचला.

तुमच्या घरी शाळकरी मूल असेल, तर त्याच्या हाताने, त्याच्याच पत्त्याचं एक पत्र भारतीला पाठवा.